नाचणीची आंबट चव

भाजक्या नाचणीचा वास. दोरीवर वाळणारं गाळणं. हळदीकुंकवाच्या तबकात काचेचे ग्लास. आणि गच्चीभर रुसलेले चेहरे.

घरी बिअर करणाऱ्या या मंडळींचा नियम एकच: कृती लपवायची नाही. शर्वाणीने आपली कृती सगळ्यांना दिली होती, पण तिच्या बिअरची ती आंबट चव कुणालाच साधेना.

"काहीतरी दडवतेयस," हेरंब म्हणाला. "खरं सांग, नाहीतर मंडळ सोड."

"देवाशप्पथ, सगळं दिलंय रे!" शर्वाणी रडवेली झाली.

चकल्या घेऊन आलेल्या सासूबाई थबकल्या. "अगं, लवकर आंबावं म्हणून मीच तुझ्या पिंपात इडलीच्या पिठाचा डाव फिरवला होता. बिघडलं का?"

हेरंबने वाकून नमस्कारच केला. "काकू, पीठ कसं आंबवता तेवढं सांगा!"

पिंपात नाचणीचं आंबील आहे, असं शर्वाणीने सासूबाईंना सांगितलं होतं.