चकतीतला आवाज

फणसाच्या झाडावरून भांडत तोडणकर आणि बावकर कोयते घेऊनच आले होते. हेमांगीची ही शेवटची परीक्षा होती. भांडण मिटलं तर ती गावाची मध्यस्थ होणार होती. ती एवढंच म्हणाली, "कोयते खाली ठेवा आणि आधी पाणी प्या."

दोघांनी कोयते खाली ठेवले. सत्तरीचे तोडणकर रडायलाच लागले. "आये, तू?"

मध्यस्थ तयार करणाऱ्या केंद्राने हेमांगीच्या गळ्यात एक चकती बसवली होती. हेमांगी बोलली, की ऐकणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या आईचा आवाज ऐकू यायचा. चहा होईस्तोवर फणस वाटले गेले.

"पास झालीस," केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या. "चकती काढायची असेल तर आजच सांग. उद्या ती गळ्यात रुजेल."

घरी नवरा दिगंबर ताट घेऊन बसला होता. "काढून टाक बाई. काल तू जेवायला हाक मारलीस, तर मी धुतलेले हात दाखवायला आलो. अशा बायकोशी संसार करू कसा?"

"काढते," हेमांगी हसून म्हणाली आणि दचकली. चकतीतला आवाज स्वतःच्या कानांना सगळ्यात शेवटी ऐकू येतो, असं मॅडमनी सांगितलं होतं. आई गेली तेव्हा ती पाळण्यात होती. तिचा आवाज हेमांगी पहिल्यांदाच ऐकत होती.

ती मागच्या पडवीत गेली आणि हळूच म्हणाली, "आई, काढू का गं?"

मग तिने तोंड मिटलं. तरी गळ्यातून उत्तर आलं, "मला काढू नको, बाळा."

आत दिगंबरच्या हातातून ताट निसटलं.

"बरं, आई," तो म्हणाला.