बानोची रजई

घोरपडीसाठी रजई शिवणारा माणूस वडशात गुलाम रसूलच पहिला असावा. पावशेर निवडक कापूस, लाल छिटाचं कापड आणि टाके इतके बारीक, की नव्या नवरीच्या रजईलाही त्याने कधी घातले नव्हते. वीतभर रुंद, हातभर लांब. बानोचं माप तेवढंच होतं.

बानो त्याची नव्हे, त्याच्या बायकोची, अख्तरीची. सरपणाच्या मोळीतून बोटाएवढी आली होती, तिला अख्तरीने अंडी चारून वाढवलं. मूलबाळ नसलेल्या बाईचे नखरे म्हणून शेजारणी नाकं मुरडत. गुलाम रसूललाही त्या जनावराची शिसारीच यायची, कारण थंडी पडली की ते खुशाल अख्तरीच्या रजईत शिरून तिच्या पोटाशी झोपायचं. आठ दिवसांपूर्वी अख्तरीला हिवताप भरला. हा ताप या घाणीनेच आणला असं ठरवून त्याने बानोला उचललं आणि मागच्या पडवीत खोक्यात टाकलं.

चार दिवसांत बानोने खाणं सोडलं. सारखी आतबाहेर करणारी तिची जीभ दिसेनाशी झाली. अंगावरचे पिवळे ठिपके काळवंडले, डोळे खोबणीत गेले, उचललं तर शेपूट नुसती लोंबायची. अख्तरी मात्र ग्लानीतून डोळे उघडले की एकच विचारायची, बानो जेवली का. तो हो म्हणायचा. परवा तिने त्याचं मनगट धरलं.

“तिले मरू देऊ नोका. बानो गेली त मी बी नाई राहत.”

तापातलं बोलणं, असं त्याने स्वतःला समजावलं. पण चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आता पिंजाऱ्याला थंडीवर एकच औषध ठाऊक. त्याने रजई शिवली आणि बानोला त्यात गुंडाळलं. काल सकाळी हात घालून पाहिला तर आत बाहेरपेक्षाही गार होतं. त्याने दुसरी रजई शिवली, पहिलीवरून गुंडाळली. आज तर आत बोटं ठेववेनात. उभा जन्म कापसात गेला, पण कापूस हाताला असा लागलेला त्याने कधी अनुभवला नव्हता. त्याला ते खोकं घरात नकोसं झालं; त्याने ते पुढच्या ओट्यावर आणून ठेवलं.

एक गोष्ट तेवढी चांगली घडली होती. पहाटे अख्तरीचा ताप उतरला. कपाळ गार लागलं, कण्हणं थांबलं. आठ दिवसांनी बाईला झोप लागली म्हणून त्याने तिच्यावर आणखी एक रजई घातली, दार ओढून घेतलं आणि समोरच्या चहावाल्यालाही रेडिओ बंद ठेवायला सांगितलं.

दहाच्या सुमारास इतवारी आला. हा कुरखेड्याकडच्या जंगलातल्या गावचा. बाजारात फायबरच्या रजया आल्या तरी तो दर हिवाळ्यात आपली जुनी रजई पिंजून घ्यायला इथेच यायचा. खोक्यातून डोकावणारी शेपूट पाहून तो हसत सुटला. आमच्या गावात हिला रजई नाही, हंडी मिळाली असती म्हणाला. मग त्याने बानोला बाहेर काढून हातांवर घेतलं आणि त्याचं हसू गेलं.

“भाऊ, तुम्ही पिंजारी अन् तुमालेच समजलं नाई? रजई का गर्मी देते? आंगातली राखते. हिच्या आंगात आपली गर्मी रायतच नाई. हिले ऊन पाह्यजे, चुलीचा दगड पाह्यजे, नाईतं माणसाचं आंग. तुम्ही त थंडीच बांधून ठेवली.”

गुलाम रसूल खजील झाला. गिऱ्हाइकांना तो स्वतः हेच तर सांगत आला होता. इतवारीने अंगणातल्या तापलेल्या टिनावर बानोला ठेवलं. तासभर काहीच झालं नाही. मग गळ्याची कातडी हलली. दुपार होता होता ठिपके पुन्हा पिवळे दिसू लागले, डोळे वर आले आणि दोन टोकांची ती जीभ निघाली, वारा चाटून आत गेली. इतवारीने फोडून दिलेलं अंडं तिने संपवलं. गुलाम रसूलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने पहिल्यांदाच तिच्या पाठीवरून हात फिरवला. इतवारीने बाईंची चौकशी केली तेव्हा तो मोठ्या समाधानाने म्हणाला, ताप उतरला, सकाळपासून गाढ झोपली आहे.

इतवारी गेल्यावर तो बानोला दोन्ही हातांत धरून आत आला. अख्तरी भिंतीकडे तोंड करून निजली होती. तुझी बानो बरी झाली, अंडं खाल्लं तिने, असं हळूच सांगत त्याने पायाकडून रजई उचलली. बानो ओळखीच्या वाटेने आत शिरली. रजईतला उंचवटा गुडघ्यांवरून पोटापर्यंत सरकला. तिथे थांबला. मग वळला आणि गेला त्याच्या दुप्पट वेगाने परत आला. बानो बाहेर पडली, त्याच्या पायावरून वर चढली आणि कुर्त्यात शिरून त्याच्या पोटाला चिकटली.

त्याला हसू आलं. “काऊन वो, ओळखलं नाई का?” म्हणत त्याने तिला पुन्हा आत सोडलं. या वेळी ती गुडघ्यांपर्यंतही गेली नाही. जीभ एकदा अख्तरीच्या पावलाला लागली आणि ती मागे फिरून पुन्हा त्याच्या कुर्त्यात शिरली.

गुलाम रसूलने कुर्त्यात हात घातला. बानोची नखं त्याच्या पोटावर रुतली होती. त्याने ती एकेक करून सोडवली, तिला तिसऱ्यांदा आत ठेवलं, आणि रजईची कड दोन्ही हातांनी गादीवर दाबून धरली.