मिठाच्या पाण्यातली टर्की

अमेरिकन माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, आभार मानायच्या सणाला, तो आपल्या पूर्वजांशी इमान राखतो. फक्त त्या इमानाला एक अख्खी टर्की लागते, आणि ती मावेल एवढा ओव्हन.

ओव्हनचं माप लोर्नाने दोरीने घेतलं होतं. कोंबडीवाल्याला बजावून बजावून सांगितलं होतं की तुकडे करायचे नाहीत. त्याने कैरोत असा मूर्खपणा पाहिला नव्हता, पण गिऱ्हाईक परदेशी होतं. मीठ, तमालपत्र, मिरी आणि संत्र्याची सालं घातलेल्या पाण्यात तिने टर्की मुरत ठेवली. पातेलं फ्रीजमध्ये जाईना, म्हणून शेगडीवरच ठेवून वर बर्फ ओतला आणि सकाळी शाळेत शिकवायला गेली. तिच्या पूर्वजांची सुट्टी इथल्या शाळांना नसते.

दुपारी परतली तेव्हा वेलदोड्याचा वास जिन्यापर्यंत आला होता.

शेगडीपाशी वरच्या मजल्यावरच्या एनायातमावशी उभ्या होत्या, बाह्या सारून.

"आलीस? अगं, तू गॅस पेटवायलाच विसरलीस!"

लोर्ना पातेल्याकडे बघत राहिली.

"काकांनी काही खाल्लं का बघायला आले. तर पाणी भरलंय, मसाला पडलाय, पक्षी बुडालाय आणि खाली जाळच नाही! म्हटलं, पोरीचं डोकं ठिकाणावर नाही. त्यांना विचारलं, पेटवू का? त्यांनी मान हलवली."

लोर्नाचे बाबा अरबीतल्या प्रत्येक वाक्याला मान हलवत. नेब्रास्काहून आल्यापासून त्यांचं बोलणं जवळजवळ तेवढंच होतं. शिवाय स्वयंपाकघरातल्या बाईला तू काय करतेयस असं विचारायची सवय त्यांना जन्मात नव्हती.

"आणि मीठ केवढं घातलंस! दोनदा पाणी बदललं मी. कोण शिकवतं गं तुम्हाला?"

"ती भाजायची होती, मावशी. अख्खी."

"भाजतातच की! आधी उकडायची, मग भाजायची. उचलली मी ओव्हनमध्ये लाल करायला, तर हातात नुसती तंगडी! इतकी मऊ झालीय, लोणी. मग म्हटलं काकांच्या दातांना त्रास कशाला. हाडंही काढून टाकली."

एवढं बोलून त्या पदार्थाचं कौतुक ऐकायला गप्प झाल्या.

बाबा वर्षातून एकदाच प्रार्थना म्हणत. अख्ख्या टर्कीसमोर उभं राहून, हातात चाकू घेऊन. प्रार्थनेच्या शेवटी आईचं नाव घेऊन तिचे आभार मानत आणि मगच पहिला काप काढत. मार्चमध्ये आई गेली. तेव्हापासून त्यांनी ते नाव उच्चारलं नव्हतं, दफनाच्या दिवशीसुद्धा नाही. इकडे येताना स्वेटर विसरले, पण हाडाच्या मुठीचा तो चाकू पायजम्यात गुंडाळून आणला. टर्की समोर आली की बाकीचं आपोआप होईल, असा लोर्नाचा हिशेब होता.

"तुमचे हात सलामत राहोत, मावशी," ती म्हणाली. त्या शहरात अशा वेळी दुसरं काही म्हणता येत नाही.

"आणि रस्सा टाकायचा थोडाच? मुलुखिया केलीय त्याच्यात." एनायातमावशींनी लसणाची चरचरीत फोडणी हिरव्यागार पातळ भाजीत ओतली आणि ओतताना दचकल्यासारखा मोठ्ठा श्वास आत ओढला. तो ओढला नाही तर मुलुखियाला चव येत नाही.

"कोणाला लागलं का?" बाहेरून बाबांनी विचारलं. चार दिवसांतलं त्यांचं ते सर्वांत लांब वाक्य.

"नाही बाबा," लोर्ना म्हणाली. "जेवण तयार आहे."

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. बाबांनी कोट घातला होता. पांढऱ्या टेबलक्लॉथवर चाकू होता. भात होता, हिरवी भाजी होती आणि एका वाडग्यात बिनहाडाचं, धाग्याधाग्याने सुटलेलं मांस होतं.

"टर्की कुठेय?" बाबांनी विचारलं.

लोर्नाने वाडगा थोडा पुढे सरकवला.

बाबा तरीही उठले. मेजाच्या टोकाशी जाऊन उभे राहिले, घसा साफ केला, चाकू हातात घेतला. लोर्नाने मान खाली घातली. तिचं बघून एनायातमावशींनीही हात मांडीवर ठेवले. रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता. तो थांबला, तरी बाबा काही बोलले नाहीत.

"कापू कुठून?" शेवटी त्यांनी विचारलं. लोर्नाला विचारलं, की आणखी कुणाला, ते कळलं नाही.

एनायातमावशींना इंग्रजी येत नव्हतं, पण चाकू हातात धरून ताटकळलेला माणूस कळत होता. "अय्या, लिंबू राहिलंच की!" त्या लगबगीने आत गेल्या आणि एका बशीत लिंबू आणून त्यांच्यापुढे ठेवलं. "घ्या काका. लिंबाशिवाय मुलुखिया म्हणजे काय!"

बाबांनी मान हलवली. मग बराच वेळ ते लिंबाकडे बघत राहिले. त्यांचे ओठ हलल्यासारखे वाटले. आईचं नाव ऐकायला लोर्नाने डोळे घट्ट मिटून घेतले.

बशीवर चाकू टेकल्याचा आवाज झाला. तिने डोळे उघडले तेव्हा लिंबाच्या दोन फोडी झाल्या होत्या आणि बाबा खाली बसलेले होते.

लिंबात बियाच फार निघाल्या.