सांध्यापासून चार बोटं

“वेल्डिंग पोरीचं होतं,” आप्पा म्हणाले.

गाडीखाली ती चाकं लावलेल्या फळीवर उताणी पडली होती. नुकताच सोडवलेला नळ्यांचा मॅनिफोल्ड छातीवर होता. इतक्या वर्षांत बापाने गिऱ्हाइकासमोर तिच्या कामाचा उल्लेख कधी केला नव्हता. केला तो आज.

गिऱ्हाईक म्हणजे दातांचे डॉक्टर. “भर चढावर बॉनेटमधून धूर, आप्पा! मागे आई होती माझी. तिला दोन पावलं चालवत नाहीत. उचलून रस्त्याच्या कडेला ठेवली तिला. गाडी पेटली असती म्हणजे?”

“पोर शिकतेय अजून. मी बोलतो तिच्याशी.”

शिकतेय! काचबिंदूने आप्पांची नजर धूसर झाल्यापासून गॅरेजमधला एकूण एक सांधा तिच्या हातचा होता.

डॉक्टरांना गाडीत जास्त दम हवा होता, म्हणून महिन्यापूर्वी मोठा टर्बो आणला. इंजिनातला जळका वायू गोळा करणारा मॅनिफोल्ड कोणता घ्यायचा, हे ठरत नव्हतं. टर्बोचं सगळं वजन त्याच्यावरच लटकणार होतं. “बिडाचा घ्या, ओतीव लोखंडाचा,” ती म्हणाली होती. “दिसायला काळा धोंडा, पण पेलेल. नळ्यांचा हवा तर खालून टेकू द्यावा लागेल, दोन दिवस जास्त लागतील.” डॉक्टरांनी आप्पांकडे पाहिलं होतं. आप्पांनी हसून स्टीलच्या चकचकीत नळ्यांवर हात ठेवला होता. “उगाच घाबरते ती. हाच बसवू. उद्या गाडी न्या.” टेकूशिवायच तिने नळ्या सांधून तो रात्रीत बसवला होता.

ती फळीसकट बाहेर सरकली. मॅनिफोल्ड तिने टेबलावर आदळला, फडक्याने काजळी पुसली.

“डॉक्टर, इकडे या.”

डॉक्टरांनी आप्पांकडे पाहिलं.

“त्यांच्याकडे नाही. इकडे बघा. हा माझा सांधा. तडा कुठे आहे, दाखवा.”

डॉक्टरांनी चष्मा चढवला. सवयीने त्यांनी ते लोखंड उजेडाकडे कलतं केलं आणि सांध्यावरून बोट फिरवलं. एक फेरी, दुसरी फेरी. मग बोट पुढे सरकलं आणि नळीच्या वळणावर नख अडकलं.

“इथे आहे.”

“सांध्यापासून किती?”

“चार बोटं.” त्यांनी नख पुन्हा सांध्यावर नेलं. “म्हणजे भरलेला दात शाबूत, आणि शेजारचा गेला.”

“शेजारच्याला वजन झेपणार नाही, हे मी सांगत होते. तेव्हा तुम्ही कुणाच्या तोंडाकडे बघत होतात?”

“अगं, गिऱ्हाइकाशी असं बोलतात का?” आप्पा पुढे झाले.

“तुम्ही गप्प बसा!”

शेजारच्या शिंप्याचं मशीन थांबलं. बापाला तिने उभ्या जन्मात उलट उत्तर दिलं नव्हतं. आता हातातलं फडकं पिळवटलं तरी शब्द थांबेनात.

“तुमच्या डोळ्यांचं मी कुणाला कळू दिलं नाही. पाटीवर तुमचं नाव ठेवलं, कौतुक तुमच्या पदरात टाकलं. चांगलं झालं की आप्पांचा हात, आणि बिघडलं की पोरीचं वेल्डिंग? यांची आई मेली असती, तरी हेच सांगितलं असतंत?”

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि ते तो उगाचच पुसत राहिले.

“दुसरा बसवा,” ते अखेर म्हणाले. “तुम्ही म्हणाल तो.”

भिंतीवरच्या फडताळातून बिडाचा मॅनिफोल्ड उतरवून तिने इंजिनाजवळ नेला, पान्याला हात घातला. दुपार असूनही बॉनेटखाली अंधार होता.

जरा वेळाने आप्पा आपणहून वायरीचा दिवा घेऊन आले आणि इंजिनावर धरून उभे राहिले. उजेड भलतीकडेच पडत होता. त्यांना ते कळत नव्हतं. ती हात थांबवून वाट पाहत राहिली.

मग तिने त्यांच्या मुठीतून दिवा सोडवला आणि बॉनेटच्या आकड्याला अडकवला.