पहिली फेरी

खाडीच्या मुखाशी इंजिन बंद पडलं आणि ओहोटी होडीला खडकांकडे ओढू लागली. हे जुनं इंजिन वैजयंताने महिनाभर खपून दुरुस्त केलं होतं. आज त्याची पहिलीच फेरी.

तिने पेट्रोलचा पंप उघडला. आतला रबरी पडदा तिनेच उलटा बसवला होता. "बाबा, माझीच चूक!"

वल्ह्याने खडकाला रेटा देत बाबा ओरडले, "रड नंतर. आधी नीट बसव!"

तिने पडदा सुलटा बसवला, पण बोटांतून स्क्रू होडीतल्या पाण्यात पडला. तिने चाचपून तो शोधला, पंप आवळला, दोरी ओढली. तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं.

तिने होडी घाईघाईने बंदराकडे वळवली. बाबांनी तिच्या हातावर हात ठेवून होडी पुन्हा समुद्राकडे फिरवली.

"आज अशी घाबरून परतलीस, तर पुन्हा होडीत चढायची नाहीस, बाय."

तिने एकदा मागे खडकांकडे पाहिलं. तिने वेग वाढवला.