दुसरा कप

अडचणीत सापडलेल्या घराला पंधरा दिवसांचा किराणा देणारी एक संस्था मोताळ्यात आहे. आधी घरी जाऊन गरज खरी की खोटी ते पाहायचं, हे काम निवृत्त शिक्षिका वत्सलाबाईंचं. "चाळीस वर्षं पोरांच्या थापा ऐकल्या, मले कोन फसवते?" असं त्या चारचौघांत सांगत.

मुबीनाचा नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडून महिनाभर अंथरुणाला खिळला होता. बाईंना बसवून मुबीना आत गेली आणि बऱ्याच वेळाने चहा घेऊन आली, दाट दुधाचा, चांगला गोड. "अगदी माह्या मायच्या हातचा वं!" म्हणत वत्सलाबाई मायच्या, चुलीच्या, पितळी गंज-पातेल्यांच्या आठवणींत रमल्या आणि हक्काने आणखी एक कप मागून प्यायल्या. बाहेर पडताच मात्र त्यांनी कागदावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'घरात दूध-साखर भरपूर. मदतीची गरज नाही.'

आपल्या नजरेवर खूश होत त्या यादीतल्या पुढच्या घरात, शेजारच्याच धम्मशीलाकडे शिरल्या.



धम्मशीला ओशाळून म्हणाली, "बाई, तुमच्यासाठी चहा मांडला असता, पन दूध-साखर आत्ताच सरली. मुबीनाकडे कोनी मोठी पाहुणी आली म्हने. बिचारी मांगून घेऊन गेली, अन् घडीभरात पुन्हा दारात उभी. त्या पाहुणीले दुसरा कप पाह्यजे म्हने!"