सुट्टीतला पत्ता

बारा वाजायला दहा मिनिटं होती आणि वसतिगृहात एकच मुलगी उरली होती. बाराच्या ठोक्याला इमारत रिकामी करायची, तसं सहीनिशी विद्यापीठाला कळवायचं आणि तीन आठवडे दाराला कुलूप, असा वरून हुकूम होता. रेक्टरबाई हुकमाच्या पक्क्या. मुली पाठीमागे त्यांना ‘फुटपट्टी’ म्हणत, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षाची ती मुलगी बॅग घेऊन समोर उभी होती. बाईंनी तिचा सुट्टीचा फॉर्म पुढे ओढला. मुक्काम: आत्याकडे. मागच्या सुट्टीतही आत्याच. तेव्हा मुलगी अर्धी होऊन परत आली होती, हे बाईंच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

“आत्या खायला घालते की नाही?”

“घालते ना.”

“मग बोलतेच मी त्यांच्याशी.”

मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. “बाई, ती कामावर असेल. उगाच कशाला?”

“कामावरची माणसंही फोन उचलतात.”

बाईंना राग आला होता. पोर धडधडीत खोटं बोलतेय. उद्या काही भलतंसलतं झालं तर निस्तरायचं कुणी? त्यांनी मोबाइल काढला आणि फॉर्मवरचे आकडे एकेक करून दाबले.

टेबलावरचा ऑफिसचा फोन वाजायला लागला.

“याला पण आत्ताच वाजायचंय,” बाई वैतागल्या. त्यांनी मोबाइलवरचा कॉल कट केला. टेबलावरचा फोनही गप्प झाला. बाईंनी पुन्हा नंबर लावला. टेबलावरचा फोन पुन्हा वाजू लागला.

इतक्या वर्षांत आपल्याच ऑफिसला फोन करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

“हा नंबर कुणी दिला तुला?”

“तुमच्याच पत्रकावर होता. प्रवेशाच्या दिवशी वाटलेल्या.” मुलगी फरशीकडे बघत होती. “अडलं-नडलं तर इथे फोन करा, असं होतं त्यात.”

“मग केला का नाहीस?”

“केला होता, बाई. मागच्या सुट्टीत रोज. कुणी उचलत नाही.”

बाईंना तिच्याकडे बघवेना. फोन वाजतच होता. तेवढ्यात वॉचमनकाका कुलूप घेऊन दारात आले.

“बारा वाजले, बाई. लावू ना? आणि फोन कुणाचा वाजतोय मघापासून?”

बाईंनी रिसीव्हर उचलून कानाला लावला.

“हिच्या आत्याचा आहे,” त्या म्हणाल्या. “कुलूप राहू द्या.”